तार तुटली तरी काम चालावें



अकोल्याहून वाशीमकडे जातांना आमचें मेडशी लागतें. रस्ता अडला तर गाडीवान दुसरी वाट धरितो. पण ती त्यास निघण्यापूर्वींच ठाऊक असावी लागते. संदेशांचेंही तसेंच आहे. १८७० सालीं मुंबई समुद्राखालच्या तारेनें विलायतेशीं जोडली गेली. १९२७ सालीं खडकीहून संदेश धाडणारें व दौंडास घेणारें बिनतारी केंद्र सुरू झालें, आणि तारेच्या वाटेस बिनतारी वाटेची जोड मिळाली. हीच युक्ति संगणकवर्गांत कशी योजावी, तें आम्ही येथें सांगतों.

कांहीं संगणकांत हार्ड डिस्क नसते. असा संगणक केबलमधून आपला पत्ता मागतो, सर्व्हरकडून कर्नल व प्रारंभींच्या फायलींचें गाठोडें मेमरींत उतरवितो, आणि मग सर्व्हरवरील डिस्क हीच आपली मानून काम करितो. यांत खर्च वाचतो व निगा एकाच ठिकाणीं राखितां येते. पण केबल निघाली म्हणजे केवळ इंटरनेट जात नाहीं. यंत्राच्या पायाखालची जमीनच सरकते. निबंध लिहिणाऱ्या मुलाचा पडदा थिजतो. आतां वायफाय जोडावें म्हटलें, तर जोडणारा प्रोग्रामही त्या दुरावलेल्या डिस्कवरच असतो!

म्हणून तीन गोष्टी आधींच कराव्या. पहिली, केबल व वायफाय यांस 'बॉण्ड' नांवाच्या एका जोडणींत 'अॅक्टिव्ह-बॅकअप' रीतीनें बांधावें. केबल मुख्य, वायफाय राखीव. दोन्ही एकाच जाळ्यांत असावीं व पत्ता बॉण्डलाच द्यावा, म्हणजे वाट बदलली तरी पत्ता बदलत नाहीं. दुसरी, ही बांधणी व वायफाय जोडणारा प्रोग्राम त्या प्रारंभींच्या गाठोड्यांत घालावा. सर्व्हरची डिस्क जोडण्यापूर्वींच दोन्ही वाटा उभ्या राहाव्या. तिसरी, 'मिमॉन' १०० ठेवावें, म्हणजे दर १०० मिलिसेकंदांनीं केबलची तपासणी होते. वायफाय कार्ड बहुधा दुसऱ्याचा हार्डवेअर पत्ता धारण करीत नाहीं. यास्तव 'फेल-ओव्हर-मॅक' हें 'अॅक्टिव्ह' करावें.

मात्र मिमॉनची दृष्टि जवळच्या स्विचपर्यंतच पोंचते. त्यापुढील बिघाड कळावा असें वाटल्यास, त्याऐवजीं सर्व्हरला वारंवार हांक मारणारी 'एआरपी' तपासणी योजावी. यंत्र सुरू होतांना केबल हवीच, हेंही विसरूं नये.

शेवटीं, कोणी लिहीत असतां शिक्षकानें स्वतःच्या हातानें केबल काढून पाहावी. क्षणभर थांबून ओळ पुढें चालली, तर काम साधलें. ही परीक्षा आपण न घेतली, तर एखाद्या मुलाच्या परीक्षेच्या दिवशीं ती आपोआप होईल.