काउंटरवर बसण्याआधी

पोरा, उद्यापासून दुकान तुझ्याकडे. डिस्प्ले बदलणं, चार्जिंगचा पॉइंट साफ करणं तुझ्या हाताला बसलंय, त्यावर मी काही बोलत नाही. पण ‘पिन विसरलो’ म्हणत येणारं गिऱ्हाईक वेगळं असतं. त्याच्यासाठी चार गोष्टी कानाआड करू नकोस.

आधी त्याला बसव, पाणी दे. घाईघाईनं नंबर दाबत बसू देऊ नकोस. चुका वाढल्या की फोन आधी मिनिटभर आणि पुढे तासभरही थांबवून ठेवतो. आयफोनमध्ये तशी सेटिंग चालू असेल, तर दहाव्या चुकीला सगळा डेटा पुसला जातो. पॅटर्न आठवत नसेल तर डोळे मिटून टेबलावर अंगठा फिरवायला सांग. डोकं विसरलं तरी हाताला पुष्कळदा सवय असते.

फोन बंद करून चालू करू नकोस. तसं केलंस की बोटाचा ठसा चालत नाही, पिनच लागतो. म्हणून आधी बोट लावून बघायला सांग. उघडला तर हुरळून जाऊ नकोस, कारण नवा पिन ठेवायला जुनाच मागतात. अँड्रॉइड तर ७२ तासांतून एकदा पिन विचारतोच. तेवढ्या वेळात फोटो, नंबर, व्हॉट्सॲपचा बॅकअप, सगळं बाहेर काढून ठेव.

पिन कालपरवा बदलला होता का, हे विचार. आयओएस १७ पासून आयफोनमध्ये पासकोड बदलल्यावर ७२ तासांपर्यंत जुन्या पासकोडनं आत जाता येतं. एवढा प्रश्न विचारायचा राहिला, तर कुणाचा तरी फोन विनाकारण पुसला जाईल.

फोन कुणाचा, हे बघितल्याशिवाय हात लावू नकोस. बिल बघ, खोक्यावरचा आयएमईआय जुळव. बायकोचा फोन घेऊन नवरा आला, तर म्हणावं, ‘वहिनींनाच पाठवा.’ तो रागावला तर रागावू दे.

काहीच जमलं नाही, तर स्पष्ट सांग. ‘फोन चालू होईल, आतलं जाईल.’ आतला डेटा कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली पिनशीच बांधलेली असते. ‘डेटासकट उघडून देतो’ असं तू म्हणू नकोस आणि म्हणणाऱ्याकडे गिऱ्हाईक पाठवूही नकोस.

रीसेट मारण्याआधी आयडी विचार. अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, असा बाहेरून रीसेट मारला की फोन तोच जुना गुगल आयडी मागतो. आयफोन ॲपलचा आयडी मागतो. आयडी माहीत नसताना पुसलास, तर डेटाही जाईल आणि फोनही अडकेल. पासवर्ड आठवत नसेल तर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घाल, ओटीपी तिथे येईल. मात्र गुगलचा पासवर्ड नवा केल्यावर २४ तास थांब, मगच रीसेट कर. गिऱ्हाईक कितीही घाई करो, ‘उद्या या’ म्हणायला लाजू नकोस. ओटीपी त्यानंच वाचावा, त्यानंच टाकावा.

नवा पिन टाकताना पाठ फिरव. आपल्या वहीत गिऱ्हाइकाचा पिन कधी लिहायचा नाही. घरी कागदावर लिहून बँकेच्या पासबुकाशेजारी ठेवायला सांग. आणि फोटोंचा बॅकअप त्याच्यासमोर चालू करून दे, म्हणजे पुढच्या वेळी पिन विसरला तरी नातवाचे फोटो जायचे नाहीत.

पैशांचं शेवटी सांगतो. रीसेटचे किती होतील ते आधी सांगून मगच कामाला लाग. पण बसल्या बसल्या पिन आठवला, तर एक रुपयाही घ्यायचा नाही. तेच गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात टफन ग्लास बसवायला आपल्याकडे येतं, आणि येताना शेजाऱ्यालाही घेऊन येतं.