चार तारांचा पंचनामा

तलासरीच्या तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून नोकरीची अखेरची वर्षे काढलेल्या मनुष्याला दुसऱ्याच्या जिनसेची नासधूस कोणी, केव्हा व कशी केली याचा पंचनामा लिहिण्याचा चांगलाच सराव असतो; परंतु त्यात आरोपीच्या जागी स्वतःचेच नाव घालण्याचा प्रसंग माझ्यावर निवृत्तीनंतर आला, आणि तोही एका वीतभर दांडीच्या युकुलेलेपायी.

सुटीत मुंबईहून आलेल्या नातीने ते वाद्य माझ्या स्वाधीन केले, तेव्हा त्याची एक तार तुटलेली होती. "आजोबा, नायलॉनचीच तार आणा हं," असे तिने निक्षून सांगितलेही होते. पण तरुणपणी काही काळ सतारीवर हात चालविल्याचा जो अहंकार अशा माणसाच्या अंगी जन्मभर शिल्लक राहतो, त्याला नायलॉनचा तो मऊ, आखूड नाद क्षुद्र वाटला. वापीच्या बाजारातून मी गिटारीच्या पोलादी तारांचा संच आणला आणि त्यातल्या बारीक चार तारा चढविल्या. सायंकाळी नाद असा खणखणीत लागला की शेजारीही दारात येऊन उभे राहिले. रात्री माजघरात कडकन आवाज झाला, आणि सकाळी पाहतो तो घोडी वरच्या फळीचा पापुद्रा सोबत घेऊन उखडलेली!

कारण पुढे उमगले. तारेवरील ताण हा तिची लांबी, तिचे वजन आणि तिच्यापासून मागितलेला स्वर या तिहींच्या संगनमताने ठरतो. मधल्या आकाराच्या, म्हणजे सुमारे 38 सेंटिमीटर तारेच्या वाद्यावर नायलॉनची एकेक तार तीन-चार किलोचा भार टाकते. माझ्या पोलादी चौकडीने तो जवळजवळ दुप्पट केला होता, आणि केवळ सरसाने चिकटविलेल्या घोडीकडून इतक्या भाराचा जामीन मागणे हा उघड अन्याय होता.

त्या वाद्याच्या वंशात पोलाद नाहीच. 1879 साली ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाच्या जहाजातून मदेराचे पोर्तुगीज मजूर हवाईला उतरले. त्यांच्या ‘माशेट’ नावाच्या लहान तंतुवाद्यापासून तेथे युकुलेले घडले, आणि त्यावर तातीच्या, म्हणजे जनावराच्या आतड्याच्या तारा असत. नायलॉन आले दुसऱ्या महायुद्धानंतर. (1739 पर्यंत आमच्या डहाणूवरही पोर्तुगीजांचाच अंमल होता, पण ते आम्हांला माशेट देऊन गेले नाहीत, ही तक्रार आता कोणत्या दप्तरी दाखल करावी?)

घोडी एका सुताराकडून बसवून घेतल्यावर मी दुसरा प्रमाद केला. नायलॉनच हवे ना, मग डहाणूच्या खाडीकाठी मासेमारीचा तंगूस स्वस्तात मिळतो, असा हिशेब करून एकाच जाडीच्या तंगुसाच्या चारही तारा लावल्या. ए स्वराची तार उत्तम बोलली. सी स्वराची मात्र लोंबकळून पडद्यांवर फडफडू लागली, कारण जाडी तीच ठेवून स्वर ए वरून सी वर उतरविला की ताण सुमारे एक-तृतीयांशावर येतो. तंगूस मुळात वाईट नव्हे. फ्लुरोकार्बनचा मासेमारीचा धागा कित्येक जाणकार हौसेने वापरतात, मात्र प्रत्येक स्वरासाठी निराळ्या जाडीचा निवडून. हे द्रव्य नायलॉनहून जड असल्याने त्याची तार बारीक चालते, नाद उजळ लागतो, आणि ते पाणी फारसे शोषत नसल्यामुळे आमच्याकडील चार महिन्यांच्या पावसात नायलॉनइतके लहरी होत नाही. तलासरीत राहणाऱ्याने ही शेवटची बाब पहिली मानावी, असे माझे मत आहे.

दुकानात जाल तर वाद्याचे माप प्रथम घ्या: घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत सोप्रानोची तार सुमारे 35, कॉन्सर्टची 38 आणि टेनॉरची 43 सेंटिमीटर भरते, आणि संच त्याच नावाचा मागावा. बॅरिटोनचा संच निराळ्या, खालच्या स्वरांसाठी केलेला असतो. स्वस्त मिळाला म्हणून तो उचलू नये. सतारीच्या सवयीने मी आणखी एका ठिकाणी फसलो होतो. सी हा षड्ज धरला तर चार तारा प, सा, ग, ध अशा लागतात, आणि तो पंचम षड्जाच्या खाली नसून त्याच सप्तकात वर असतो. मी मात्र तेथे जाड तार लावून खर्ज शोधत बसलो होतो. खालचा पंचम हवाच असेल तर त्यासाठी वेगळी तार मिळते, बहुधा धातूची गुंडाळी केलेली. तिच्यासाठी पट्टीतील खाच किंचित रुंद करावी लागण्याची तयारी ठेवावी.

जुन्या तारा एकदम सगळ्या काढू नयेत. एक काढावी, एक चढवावी. नवे नायलॉन काही दिवस ताणले जातच राहते आणि स्वर उतरत राहतो. दोष खुंट्यांचा समजून त्या पिळून काढण्यात अर्थ नाही.

मधल्या काळात दुरुस्तीसाठी ठेवलेले ते वाद्य अंगणात पाहून, कणसरी या धान्यदेवतेची कथा गाणाऱ्या भगताच्या घांगळी या भोपळ्याच्या तंतुवाद्याशी लहानपणापासून परिचय असलेल्या आमच्या वारली गड्याने ते उचलून उलटसुलट केले, याला भोपळा कुठे आहे असे विचारले, आणि उत्तर न ऐकताच ते फार जपून खाली ठेवले. इतके जपून मी ते एकदाही ठेवले नव्हते.

दिवाळीला नात येणार आहे. नवा फ्लुरोकार्बनचा संच चढविला आहे; घोडीभोवतीचा तो पापुद्र्याचा डाग मात्र कितीही पॉलिश केले तरी दिसतोच.