कष्टाची चित्रे

चित्रसंग्रहालयात गेलो, की राजे, देवदेवता आणि लढाया यांची भव्य चित्रे आपले लक्ष वेधून घेतात. परंतु घाम गाळणारा मजूर चित्राचा नायक होऊ शकेल काय? एके काळी पुष्कळ जाणकार या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच देत.

१८५३ नंतर फ्रान्सची राजधानी पॅरिस नव्याने बांधली जाऊ लागली. जुन्या गल्ल्या पाडून तेथे रुंद रस्ते आणि उंच घरे उभी राहिली. अनेक चित्रकारांनी हे वैभव रंगविले. गुस्ताव्ह कायबोत हा चित्रकार स्वतः धनवान होता. परंतु त्याची दृष्टी घरांत राबणाऱ्या हातांकडेही वळली. १८७५ साली त्याने एक चित्र पूर्ण केले. त्यात तीन कामगार गुडघे टेकून एका खोलीची लाकडी जमीन तासत आहेत. त्यांच्या अंगात सदरा नाही. खिडकीतून आलेला उजेड त्यांच्या उघड्या पाठींवर पडला आहे आणि भोवती लाकडाची सालपटे विखुरली आहेत. पॅरिसच्या प्रतिष्ठित प्रदर्शनाच्या परीक्षकांनी हे चित्र नाकारले. कायबोत खचला नाही. पुढच्याच वर्षी त्याने ते आपल्या स्नेही चित्रकारांच्या प्रदर्शनात मांडले. आज तेच चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयाचे भूषण आहे.

आपल्या महाराष्ट्रातही अशी दृष्टी लाभलेला एक चित्रकार होऊन गेला. त्यांचे नाव महादेव विश्वनाथ धुरंधर. त्यांचा जन्म १८६७ साली कोल्हापुरात झाला. १८९० मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि पुढे तेथेच शिक्षक झाले. त्यांनी पौराणिक प्रसंग रंगविले. तसेच मुंबईच्या रस्त्यांवरील माणसेही रंगविली. मासळी विकणारी कोळीण आणि कापड रंगविणारी मुलगी यांनाही त्यांच्या चित्रांत मानाचे स्थान मिळाले. त्यांची चित्रे पोस्टकार्डांवर छापली गेली आणि टपालाने दूरदूर पोहोचली. त्या काळची छायाचित्रे बहुधा एकरंगी असत. लुगड्याचा रंग, पदर खोचण्याची रीत, डोक्यावरची पाटी हे सारे धुरंधरांच्या कुंचल्याने आपल्यासाठी जपून ठेवले आहे.

असे विषय शोधण्यासाठी मोठ्या शहरातच जावयास हवे असे नाही. वसई तालुक्यातील आगाशी हे गाव सुकेळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. सुकेळी आपण आवडीने खातो. पण राजेळी केळी सोलून उन्हात वाळत घालणारे हात आपण कधी पाहिले आहेत काय? जवळच अर्नाळ्याचा किनारा आहे. तेथे मासळीची पाटी घेऊन कोळिणी लगबगीने बाजाराकडे निघतात. उद्या हे व्यवसाय बदलतील, कदाचित लोपतीलही.

मुलांनो, तुमच्या गावातही असे कष्टकरी आहेत. त्यांच्याकडे आदराने पाहा. ज्यांच्या श्रमावर आपले जीवन चालते, त्यांचे चित्र राजाच्या चित्राहून कमी मोलाचे नसते.

अभ्यास
१. कायबोतचे चित्र परीक्षकांनी का नाकारले असावे? तुमचे मत लिहा.
२. धुरंधरांच्या चित्रांतून आपल्याला कोणती माहिती मिळते?
३. तुमच्या गावातील एका कष्टकऱ्याचे काम पाहून त्याचे चित्र काढा आणि त्याखाली पाच वाक्ये लिहा.