मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर, वेळ आणि घड्याळ

आपल्या वसतिगृहाचा एक माजी विद्यार्थी एका हिवाळ्यात उच्च शिक्षणासाठी न्यूयॉर्कला निघाला. तिकिटावर मुंबईहून सुटण्याची वेळ रात्री १ आणि पोहोचण्याची वेळ त्याच दिवशी सकाळी ६.३० अशी छापलेली होती. त्याच्या आईने साडेपाच तासांचा हिशेब केला. सकाळी फोन आला नाही. दुपार झाली तरी आला नाही. ती माउली घाबरून वसतिगृहात आली. सायंकाळी पाचनंतर मुलाचा फोन आला, तेव्हा तिच्या जिवात जीव आला. रेखावृत्ते व प्रमाणवेळ आम्ही त्या मुलाला शिकवली होती, त्याने त्यात पूर्ण गुणही मिळवले होते; परंतु तो धडा त्याच्या घरापर्यंत पोहोचला नव्हता. ही उणीव आमची होती. म्हणून हा छोटा पाठ.

अंतर : मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. भिंतीवरील सपाट नकाशात या दोन शहरांना पट्टीने जोडले, तर रेघ अरबस्तान, इजिप्त, सहारा व अटलांटिक महासागर यांवरून जाते. परंतु पृथ्वी गोल आहे. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरावा. तो रशिया, नॉर्वे आणि ग्रीनलंडचे दक्षिण टोक यांच्या बाजूने जातो. नकाशावर वाकडा दिसणारा हा मार्गच दीड हजार किलोमीटरहून अधिक जवळचा आहे. प्रत्यक्षात वारे, हवामान आणि कोणत्या देशाचे आकाश खुले आहे, यांनुसार विमानाचा मार्ग बदलतो.

प्रवासाचा वेळ : विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला, तर १२,५०० ÷ ९०० म्हणजे जवळजवळ १४ तास होतात. मात्र सुमारे १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. न्यूयॉर्कला जाताना ते समोरून येतात, म्हणून थेट विमानास सुमारे १६ तास लागतात. परतताना तेच पाठीशी असतात, म्हणून सुमारे १४ तास पुरतात.

घड्याळ : हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असते. उन्हाळ्यात तेथे घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा हा फरक साडेनऊ तासांचा होतो. आता ते तिकीट पुन्हा वाचू. रात्री १ अधिक १६ तास म्हणजे आपल्याकडील सायंकाळचे ५. त्यातून साडेदहा तास वजा केले की न्यूयॉर्कचे सकाळचे ६.३०. तिकिटावरील दोन्ही वेळा खऱ्याच होत्या; फक्त त्या दोन वेगळ्या घड्याळांच्या होत्या.

१९१३ साली बाबासाहेब याच न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी बोटीने गेले. त्या प्रवासास कित्येक आठवडे लागले. आज तेच अंतर एका दिवसाच्या आत कापले जाते. आपली मुले-मुली दूर जात आहेत, आणखी जावीत. त्यांच्या घरी वाट पाहणाऱ्यांनाही हा हिशेब यावा, एवढीच आमची इच्छा.

सरावासाठी : हिवाळ्यात न्यूयॉर्कहून सकाळी ११ वाजता सुटलेले विमान १४ तासांनी मुंबईत केव्हा उतरेल? हे उदाहरण मुलांनी आईवडिलांसोबत बसून सोडवावे. (उत्तर : दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३०)