डोकं अचानक धरलं, तर आधी घड्याळ पाहा

डोकं दुखतंय म्हटलं की आपल्याकडे निदान तयारच असतं: पित्त, ऊन, जागरण, नाहीतर दृष्ट. बहुतेक वेळा दुखणं साधंच निघतं. पण मेंदूवरची रक्तवाहिनी फुटते तेव्हाही सुरुवात बहुधा डोकेदुखीनेच होते. ताम्हिणीकडच्या गावातून पुण्याचं मोठं रुग्णालय गाठायचं तर आधी पावसातला घाट, मग पिरंगुट-भूगावची कोंडी, मग चांदणी चौक. रस्त्यातला वेळ कुणाच्या हातात नाही. घरात जाणारा वेळ मात्र वाचवता येतो.

काय करावं

• "किती दुखतंय?" याआधी "टोकाला जायला किती वेळ लागला?" हे विचारावं. खाचरात लावणी करताना, शौचाला जोर लावताना किंवा नुसतं बसल्याबसल्या कळ आली आणि मिनिटाभरात असह्य झाली, तर ती तातडीची वेळ. अर्धशिशी असलेला माणूस "हे नेहमीचं नाही" म्हणाला तर त्याचं ऐकावं. त्याला त्याचं दुखणं आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

• सुरुवातीची वेळ लिहून ठेवावी. मेंदूभोवतीचा रक्तस्राव पहिल्या 6 तासांतल्या सीटी स्कॅनमध्ये सहसा चुकत नाही. पुढे तो दिसण्याची खात्री कमी होत जाते. गुठळीने झालेल्या पक्षाघातात ती विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. डॉक्टर वेळ विचारणारच, तेव्हा "दुपारी कधीतरी" हे उत्तर कामाचं नसतं.

• सोबत पुढचं काही दिसलं तर थांबूच नये: तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, एकाचे दोन दिसणं, शुद्ध हरपणं, झटका येणं, ताप आणि मान आखडणं, लाल डोळा, अंधुक दिसणं आणि उलट्या, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेलं दुखणं आणि चावताना जबडा दुखणं.

• 108 ला फोन करावा. ही रुग्णवाहिका राज्यात 2014 पासून मोफत आहे. पहिल्याच वाक्यात "अचानक डोकं दुखलं, उलटी झाली, गुंगी आहे" असं सांगावं, मग गाव आणि जवळची खूण. आडबाजूच्या वाड्यांत रेंज कुठे येते हे घरच्यांना माहीत असतंच. तिथे एकाने जावं, बाकीच्यांनी रुग्णाजवळ थांबावं. रात्रीही सीटी स्कॅन होणाऱ्या ठिकाणीच न्यायला सांगावं.

• गरोदर बाई आणि बाळंतीण यांच्याबाबत जास्तच सावध राहावं. विसाव्या आठवड्यानंतर आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत जोराचं डोकं दुखलं, तर त्याच दिवशी रक्तदाब तपासावा. 140/90 किंवा वर असेल तर तडक रुग्णालय. बाळंतिणीच्या मेंदूतल्या शिरेत गुठळी होऊ शकते, आणि शरीरातलं पाणी कमी पडलं की हा धोका वाढतो. "बाळंतिणीनं पाणी कमी प्यावं" ही रीत आजीची असली तरी मोडावी.

• न्हाणीघरात गॅस गीझर किंवा बंद खोलीत शेगडी चालू असताना एकापेक्षा जास्त जणांचं डोकं दुखू लागलं, तर आधी सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत यावं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

• म्हातारं माणूस महिन्याभरापूर्वी पडलं होतं का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे डॉक्टरांना आपणहून सांगावं.

काय टाळावं

• बाम चोळून, पित्ताची गोळी देऊन "सकाळी बघू" म्हणू नये.

• ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन देऊ नये. रक्तस्राव असेल तर तो वाढू शकतो. गावातल्या दवाखान्यात एक इंजेक्शन टोचून घरी परतणंही टाळावं.

• रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून बीपीची जादा गोळी देऊ नये, जिभेखाली तर नाहीच. मेंदूवर आघात झाला की दाब चढतो. तो एकदम उतरवला तर मेंदूचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

• गुंगीतल्या माणसाला लिंबूपाणी पाजू नये. कुशीवर झोपवावं.

• झटका आला तर कांदा हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये.

• मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नये. रुग्णवाहिकेला उशीर असेल तर शेजाऱ्याची जीप चालेल, पण मागे एक माणूस हवाच.

• "आता ओसरलं" म्हणून अर्ध्या वाटेतून फिरू नये. शीर पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या 24 तासांत सर्वांत जास्त असतो.

• सीटी स्कॅनमध्ये काही दिसलं नाही, तरी डॉक्टर मणक्यातलं पाणी तपासायचं म्हणाले तर नकार देऊ नये. त्यानं माणूस अधू होतो ही भीती गावोगाव आहे. सुई कमरेत, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली घालतात. नंतर काही दिवस डोकं दुखू शकतं, ते डॉक्टर आधी सांगतात.