रविवारी संध्याकाळी पोटात येणारा गोळा

शनिवार बरा जातो आणि रविवारी दिवेलागणीला पोटात गोळा येतो. ॲसिडिटीची गोळी घेऊनही तो जात नाही. मान आखडलेली असते, सकाळी जबडा दुखतो, पहाटे तीन-चारला जाग येते आणि ऑफिसातलं कुणाचं तरी एक वाक्य डोक्यात घुमत राहतं. पुण्यातल्या हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागांत काम करणारे तिशी-पस्तिशीतले कितीतरी जण या तक्रारी घेऊन माझ्याकडे येतात. कामाचा ताण आहे का, असं विचारलं की उत्तर मिळतं, "काम जमतं हो डॉक्टर, एक माणूस जमत नाही."

तो माणूस बहुतेक वेळा क्लायंटकडचा जुना, परमनंट कर्मचारी असतो. समोर बसलेला पेशंट मात्र थर्ड पार्टी पेरोलवर, सहा महिन्यांच्या किंवा वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर. हवा तो ॲक्सेस चार-चार दिवस मिळत नाही आणि स्टँडअपमध्ये सगळ्यांसमोर प्रश्न येतो, "अजून झालं नाही?" कोड रिव्ह्यू अडकवून ठेवला जातो. केटीमध्ये, म्हणजे काम समजावून देताना, अर्धंच सांगितलं जातं. महत्त्वाच्या मीटिंगला बोलवायचं राहून जातं. यातली एकेक गोष्ट सांगायला गेलं तर क्षुल्लक वाटते, म्हणून ती घरीही कुणी सांगत नाही आणि सगळं गिळत राहतं.

या गिळण्याचे परिणाम शरीरावर होतात. रॉबर्ट कारासेक या अमेरिकन संशोधकाने १९७९ साली मांडलं की नुसतं काम जास्त असल्याने माणूस तितका खचत नाही. मागणी भरपूर आणि अधिकार नाममात्र, ही जोडी त्याला खचवते. सहकाऱ्यांचा आधार नसेल तर धोका आणखी वाढतो, हा मुद्दा पुढे त्यात जोडला गेला. लंडनमधल्या सरकारी नोकरांचा १९८५ पासून पाठपुरावा करणाऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात, मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आपल्या कामावर ताबा कमी असलेल्यांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण जास्त दिसलं. आता तुमची जागा पाहा. डेडलाइन तुमची, ॲक्सेस दुसऱ्याच्या हातात. क्लायंटचं एचआर तुमचं नाही आणि पेरोल कंपनीचा माणूस फोनवरच भेटतो. अशा जागी कणखर माणसाचंही पोट बिघडतं. तेव्हा "मीच फार हळवा आहे" हे आधी मनातून काढून टाका.

धोका जाणवला की शरीरात ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतं. प्रसंग सरला की ते उतरायला हवं. पण तोच माणूस उद्याही समोर असणार, हे मनाला ठाऊक असतं, म्हणून ते पुरतं उतरत नाही. त्यातच कॉर्टिसॉल पहाटे नैसर्गिकपणेच वाढू लागतं, त्यामुळे त्या वेळी जाग आली की विचारांना लगाम राहत नाही.

तरीही सगळं खापर ऑफिसवर फोडण्याआधी तपासून घ्या. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि विशेषतः शाकाहारी असाल तर बी-१२. थकवा आणि चिडचिड यांचं मूळ कधीकधी इथेच सापडतं, आणि त्यावर उपाय सोपा असतो. छातीच्या बाबतीत मी फार आग्रही आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक इतरांपेक्षा साधारण सहा वर्षं आधी येतो, असं दिसलं. छातीवर दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, दरदरून घाम यांपैकी काहीही झालं तर रिलीज बाजूला ठेवून थेट इस्पितळ गाठा. गॅस असेल, असं स्वतः ठरवू नका.

मित्राच्या स्ट्रिपमधून घेतलेली अल्प्राझोलामची गोळी हा मला सर्वांत काळजीचा प्रकार वाटतो. पहिल्या रात्री छान झोप लागते. रोज घेतली तर काही आठवड्यांत सवय जडते आणि अचानक बंद केली की अस्वस्थता दुपटीने परतते. आधीच घेत असाल तर एकदम थांबवू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करा. दारूने झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात तीच झोप मोडते. संध्याकाळनंतरचा चहा-कॉफीचा कपही बंद करा.

आता त्या माणसाबद्दल. त्याच्याकडे एकदा त्याच्या बाजूने पाहा, असं मी सुचवते. दहा-बारा वर्षं एकच सिस्टिम सांभाळलेल्या माणसाला आपलं ज्ञान हीच आपल्या नोकरीची हमी वाटते. बाहेरून आलेला कुणी ते शिकायला बसला की तो धास्तावतो. म्हणून त्याचं वागणं योग्य ठरत नाही, पण ते तुमच्या लायकीबद्दल काही सांगत नाही हे कळतं आणि छातीवरचं ओझं थोडं उतरतं. एकांतात, नेमकं मागणं घेऊन बोला: "तुम्ही या मॉड्यूलवर बरीच वर्षं आहात. मला दोन गोष्टी तुमच्याकडूनच समजून घ्यायच्यात. गुरुवारी वीस मिनिटं मिळतील का?" काही माणसं एवढ्यानेही सैल होतात. सगळी होत नाहीत.

जी होत नाहीत, त्यांच्या बाबतीत लिहून ठेवणं हेच औषध. काय मागितलं, कधी मागितलं, त्यावाचून कोणतं काम अडलं, हे त्याच दिवशी छोट्या मेलमध्ये मॅनेजरला कळवा. विशेषणं नकोत, तक्रारीचा सूर नको, फक्त तारखा. स्वतःसाठीच्या नोंदी घरी वहीत ठेवा. क्लायंटचे मेल स्वतःच्या खासगी मेलवर पाठवू नका, कारण तो कराराचा भंग ठरू शकतो आणि मग तुमचीच बाजू लंगडी पडते. लॅपटॉप मिटण्यापूर्वी उद्याच्या कामांची यादीही करा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या २०१८ मधल्या एका छोट्या प्रयोगात, झोपण्यापूर्वी पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली. कागदावर उतरलेली गोष्ट मनाला रात्रभर धरून ठेवावी लागत नाही.

त्रास लैंगिक स्वरूपाचा असेल, तर वाट पाहू नका. २०१३ च्या कायद्याने कॉन्ट्रॅक्टवर काम करणाऱ्या स्त्रियांनाही पूर्ण संरक्षण दिलं आहे. तुमचा पगार कुणाच्या खात्यातून येतो याने फरक पडत नाही. कंपनीच्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करा.

कॉलवर अपमान झाला, तर लगेच उत्तर देऊ नका. श्वास सावकाश घ्या आणि घेतल्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडा, मिनिटाला सहा श्वासांच्या आसपास. दोन-तीन मिनिटांत छातीतली धडधड उतरते, आवाज स्थिर होतो. मग एवढंच म्हणा: "याचे तपशील मी मेलवर पाठवते." कॉल संपल्यावर दहा मिनिटं चालून या. आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री झोप उडतेय आणि असं तीन महिने चाललंय, तर निद्रानाशासाठी असलेली वर्तनोपचार पद्धत गोळ्यांपेक्षा जास्त टिकाऊ फायदा देते. मानसोपचारतज्ज्ञांकडे तिची चौकशी करा.

दोन आठवडे सलग मन उदास राहिलं, कशातच रस वाटेना, भूक मेली, तर हा ऑफिसचा प्रश्न उरलेला नाही, नैराश्याची तपासणी हवी. जगणं नकोसं वाटतंय असा विचार एकदाही आला, तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर लगेच फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं.

एक्स्टेन्शनचा कागद समोर आला की घराचा हप्ता डोळ्यांपुढे येतो, हे मला समजतं. पण सही करण्याआधी घरच्यांसोबत बसून मागच्या सहा महिन्यांतलं वजन, झोप आणि बीपी यांचाही हिशेब मांडा. दुसरा प्रोजेक्ट मागणं किंवा मुदत संपल्यावर तिथून निघणं हाही उपचारच आहे आणि काही पेशंटना तोच लागू पडतो. मात्र निघण्याआधी स्वतःची आरोग्य विमा पॉलिसी घेऊन ठेवा, कारण पेरोल कंपनीचं कव्हर कॉन्ट्रॅक्टबरोबर संपतं आणि आधीपासूनच्या आजारांसाठी नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपनीने मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यायला हवं. पॉलिसी घेताना ते कलम दाखवायला सांगा, आणि फॉर्मवर बीपी किंवा चालू गोळ्या लपवू नका.