हिमोग्लोबिन-एस आणि बालकाचा मेंदू

सिकलसेल या विकाराचे नाव निघाले की आपल्यासमोर एक ठरावीक चित्र उभे राहते : फिकट चेहरा, डोळ्यांत पिवळसर झाक, हातापायांच्या असह्य वेदना. रक्ताचा विकार म्हणूनच त्याची गणना होते आणि ती योग्यही आहे. परंतु गलोंडा व आसपासच्या पाड्यांतील बालकांवर उपचार करीत असताना या विकाराची एक निराळी बाजू मला अधिकाधिक महत्त्वाची वाटत गेली. ती बाजू मेंदूची आहे. एका प्रथिनातील अगदी लहानसा फरक बालकाच्या मेंदूपर्यंत आणि मनापर्यंत कसा पोचतो, आणि त्या आघातापैकी किती भाग टाळता येण्याजोगा आहे, हे प्रस्तुत लेखात मांडण्याचा विचार आहे. वैद्यक-मित्रांना यातील काही भाग परिचित असेल. तथापि स्मरणिका घरोघरी वाचली जाते, म्हणून सर्वांना समजेल अशा रीतीने सुरुवातीपासून लिहीत आहे.

एका दुव्याचा फरक

रक्तातील प्राणवायू वाहून नेणारे प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन. प्रौढ हिमोग्लोबिनच्या रेणूत अल्फा प्रकारच्या दोन व बीटा प्रकारच्या दोन अशा चार साखळ्या असतात. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लांचे दुवे असतात. त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की हिमोग्लोबिन-एस तयार होते. बाकीचे १४५ दुवे जसेच्या तसे असतात.

विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींची नोंद शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये केली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष पेशीत नसून हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे असे दाखवले आणि या विकाराला ‘रेणवीय रोग’ म्हटले. नेमका कोणता दुवा बदलला आहे, हे व्हर्नन इनग्राम यांनी १९५६-५७ मध्ये शोधून काढले. आनुवंशिक रोगाचे मूळ प्रथिनातील एका अमिनो आम्लापर्यंत नेऊन भिडवण्याची ती पहिलीच वेळ होती.

प्राणवायू सोडून दिल्यावर हिमोग्लोबिन-एसचे रेणू एकमेकांना चिकटतात व त्यांचे लांब, ताठर तंतू बनतात. त्यामुळे मऊ, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक होते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही पेशी साधारणतः १० ते २० दिवसांतच फुटते. फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारे हिमोग्लोबिन रक्तवाहिन्यांना सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते. पेशी अडकणे, रक्तक्षय आणि रक्तवाहिनीच्या अस्तराची हानी या तिन्ही गोष्टी मेंदूला घातक आहेत.

आपल्या भागाशी नाते

भारतात या विकाराची नोंद प्रथम १९५२ मध्ये झाली. निलगिरीतील आदिवासींमध्ये लेहमन आणि कटबुश यांना हिमोग्लोबिन-एस आढळले. त्यानंतर मध्य व पश्चिम भारतातील अनेक समाजांत ते सापडत गेले. दादरा आणि नगर हवेलीत २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ५२ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. वारली, कोकणा, धोडिया, दुबळा या आपल्या शेजाऱ्यांमध्ये, तसेच लगतच्या पालघर व वलसाड जिल्ह्यांत हा वारसा चालत आलेला आहे.

तो का टिकून राहिला? ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले की ज्यांना हे जनुक एकाच पालकाकडून मिळते, त्यांचे फाल्सिपेरम मलेरियापासून बऱ्याच अंशी रक्षण होते. मेंदूत शिरून बालकांचा जीव घेणारा मलेरिया तो हाच. म्हणजे एकेरी वारसा मेंदूचे रक्षण करतो आणि दुहेरी वारसा त्याच मेंदूवर घाला घालतो. जंगलपट्टीत शतकानुशतके राहिलेल्या लोकांच्या रक्तात हे जनुक राहिले, यात त्यांचा काहीही दोष नाही. उलट त्यामुळेच त्यांच्या कित्येक पिढ्या तगल्या. समुपदेशन करताना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो. ‘आमच्या रक्तात खोट आहे’ ही भावना त्यामुळे पुष्कळशी निवळते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. एकेरी वारसा असलेली व्यक्ती वाहक असते, रुग्ण नव्हे. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला विकार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

मेंदूवरील उघड आघात

बालपणी मेंदूला रक्ताची गरज फार मोठी असते. त्यात रक्तक्षय असला की ती भागवण्यासाठी रक्त अधिक वेगाने वाहू लागते. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या वाहिन्यांचे, विशेषतः अंतर्गत कॅरोटिड आणि मधल्या सेरेब्रल वाहिनीचे, अस्तर कालांतराने जाड होत जाते, मार्ग अरुंद होतो आणि एके दिवशी पुरवठा तुटतो. अमेरिकेतील मोठ्या सहकारी अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले, दुहेरी वारसा असलेल्या सुमारे ११ टक्के रुग्णांना विसाव्या वर्षापर्यंत पक्षाघात झाल्याचे दिसले. रक्तपुरवठा तुटून होणाऱ्या पक्षाघाताचे प्रमाण बालवयात, २ ते ९ वर्षांच्या दरम्यान, जास्त होते.

भारतातील रुग्णांत बहुतांशी जनुकाची अरब-भारतीय जात आढळते. तिच्यात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन-एफ जास्त प्रमाणात टिकून राहते व ते तंतू बनण्यास अडथळा करते. त्यामुळे अमेरिकेतील आकडे येथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. परंतु ‘आपल्याकडचा सिकलसेल सौम्य’ असे म्हणून निश्चिंत राहणे मला मान्य नाही. आपल्याकडेही अशी मुले येतात. काल खेळणारे मूल आज पाय ओढत चालते, तोंड वाकडे होते, बोबडे बोलते किंवा अचानक झटका येतो. घरचे म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं.’ मूल आधी भगताकडे नेले जाते आणि मोलाचे तास निघून जातात. भगताला दोष देऊन हे थांबणार नाही. त्याला विश्वासात घेऊन ‘असे मूल आले तर प्रथम दवाखान्यात पाठव’ असे सांगितल्यास ते थांबू शकते.

अशा मुलाला ताबडतोब रक्त-बदलाची सोय असलेल्या रुग्णालयात हलवावे. हिमोग्लोबिन-एसचे प्रमाण ३० टक्क्यांखाली आणणे हे उद्दिष्ट असते. केवळ रक्त चढवताना एकूण हिमोग्लोबिन १० ग्रॅमच्या फारसे वर जाऊ देऊ नये, कारण रक्त घट्ट झाल्यास हानी वाढते. पुढील उपचार न मिळाल्यास अशा मुलांपैकी बहुतेकांना पुन्हा पक्षाघाताचा धोका असतो.

न दिसणारा आघात

उघड पक्षाघातापेक्षा कितीतरी अधिक मुलांत मेंदूचे लहान लहान भाग मृत होतात आणि त्याचे कोणतेही बाह्य लक्षण दिसत नाही. हात-पाय चालतात, बोलणे स्पष्ट असते. एमआरआय केल्यावरच डाग दिसतात. यास ‘मूक’ आघात म्हणतात. पाश्चात्त्य अभ्यासांत पौगंडावस्था संपेपर्यंत तिघांपैकी एकाहून अधिक मुलांत असे डाग आढळले आहेत. ते बहुधा मेंदूच्या पुढच्या भागातील पांढऱ्या द्रव्यात असतात. लक्ष एकाग्र करणे, कामाचा क्रम लावणे, ऐकलेले मनात धरून ठेवणे ही कामे तेथूनच चालतात.

शब्द ‘मूक’ असला, तरी आघात मुका नसतो. तो वर्गात बोलतो. मूल फळ्यावरचे उतरवून घेण्यात मागे पडते, दोन सूचना एकदम दिल्या तर दुसरी विसरते, गणिताची पायरी चुकते. दुखण्यामुळे शाळाही बुडते. मग ‘ढ’, ‘आळशी’, ‘लक्षच देत नाही’ अशी विशेषणे त्याला चिकटतात. आश्रमशाळेतील शिक्षकांना माझी विनंती आहे की, सिकलसेल असलेला विद्यार्थी अभ्यासात मागे पडू लागला, तर त्यास शिक्षा करण्याआधी डॉक्टरांकडे पाठवावे.

मन आणि वर्तन

या रुग्णांत नैराश्य व चिंता यांचे प्रमाण जास्त आढळते. वारंवार येणारी वेदना, हुकलेली शाळा, खुंटलेली वाढ, लांबलेले वयात येणे आणि विवाहाची काळजी ही त्याची कारणे आहेत. मेंदूला दीर्घकाळ अपुरा प्राणवायू मिळणे हेही त्यात भर घालते. वेदनेचे बाह्य चिन्ह दिसत नसल्याने ‘नाटक करतो’ असे म्हटले जाते. वेदना खरी मानून तिचा उपचार करणे हा मानसिक उपचाराचाच पहिला भाग होय.

आणखी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. सिकलसेलचा रुग्ण अचानक असंबद्ध बोलू लागला, भ्रमिष्टासारखा वागू लागला, तर त्यास थेट मनोरुग्ण ठरवू नये. पक्षाघात, मेंदूज्वर, किंवा अस्थिमज्जेतील चरबीचे कण रक्तावाटे मेंदूत जाणे, ही कारणे आधी वगळावीत. तीव्र हाडदुखीनंतर ताप, धाप आणि भ्रम एकत्र आले, तर चरबीच्या कणांची शंका घ्यावी. या रुग्णांची प्लीहा निकामी होत असल्याने न्यूमोकॉकसची लस व लहान वयात पेनिसिलीन हेही मेंदूचेच संरक्षण आहे.

टाळता येणारा आघात

मेंदूतील वाहिन्यांमधील रक्ताचा वेग ट्रान्सक्रॅनिअल डॉप्लर या ध्वनिलहरींच्या तपासणीने मोजता येतो. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. मूल जागे व शांत असले की पुरे. सेकंदाला १७० सेंटिमीटरपेक्षा कमी सरासरी वेग सामान्य मानतात. २०० किंवा अधिक असल्यास धोका मोठा असतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टॉप’ या अभ्यासात अशा धोक्यातील १३० मुले होती. नियमित रक्त दिलेल्या गटात एका मुलाला पक्षाघात झाला, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात अकरा मुलांना. धोका ९२ टक्क्यांनी कमी झाला. बालरोगशास्त्रात इतके स्पष्ट उत्तर क्वचितच मिळते.

दर महिन्याला रक्त देणे आपल्याकडे सोपे नाही. सुदैवाने हायड्रॉक्सियुरिया हे तोंडावाटे घ्यायचे औषध हिमोग्लोबिन-एफ वाढवते. २०१६ च्या ‘ट्विच’ अभ्यासात असे दिसले की, किमान एक वर्ष रक्त घेतलेल्या व वाहिन्या फार अरुंद न झालेल्या मुलांना या औषधावर आणले तरी रक्ताचा वेग तितकाच आटोक्यात राहतो. नायजेरियातील अभ्यासात धोक्यातील मुलांना किलोमागे १० व २० मिलिग्रॅम या दोन मात्रा दिल्या असता पक्षाघाताचे प्रमाण जवळपास सारखेच राहिले. नागपूर येथे डॉ. दीप्ती जैन व सहकाऱ्यांनीही बालकांत अल्प मात्रेचा उपयोग दाखवून दिला आहे. औषध चालू असताना रक्तपेशींची नियमित मोजणी मात्र आवश्यक आहे. जनुक-संपादनाच्या उपचारास २०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली, पण त्याचा खर्च पाहता आपल्या पाड्यांवरील मुलाचा आधार आजही हीच साधी गोळी आहे.

आपले काम

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंत निर्मूलन आणि ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ही त्याची उद्दिष्टे आहेत. शेजारच्या वलसाडमधून या विकारावर दीर्घकाळ कार्य करणारे डॉ. यझदी इटालिया यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे वाटाड्या दूर शोधावा लागणार नाही.

तपासणी करून कार्ड देणे ही पहिली पायरी झाली. माझ्या मते निदान झालेल्या प्रत्येक बालकाच्या कागदावर पुढील चार नोंदी असल्याच पाहिजेत : दोन वर्षांनंतर दरवर्षी डॉप्लर झाली का, हायड्रॉक्सियुरिया सुरू आहे का, लसी पूर्ण आहेत का, आणि शाळेत प्रगती कशी आहे. चौथा प्रश्न डॉक्टर सहसा विचारीत नाहीत, परंतु मेंदूची हानी बहुधा तेथेच प्रथम दिसते. आपल्या संस्थेच्या सभासदांनी आपापल्या दवाखान्यात एवढे जरी सुरू केले आणि डॉप्लरची सोय या प्रदेशात नियमितपणे व्हावी असा आग्रह धरला, तरी काही मुलांचे हात-पाय आणि बुद्धी दोन्ही वाचतील. बदललेला दुवा आपल्याला बदलता येत नाही; त्याचे परिणाम मेंदूपर्यंत पोचण्याआधी अडवणे मात्र आपल्या हाती आहे.